वरून दिसलेला माथा

पान्हा आधी फुटला. का फुटला ते मागाहून कळलं. पडदे ओढलेल्या त्या खोलीत ती एका अनोळखी बाईच्या माथ्यावरचे केस मोजायला बसली होती आणि छातीत अचानक ती ओळखीची कळ आली, काखेतून मुंग्यांची रांग आत उतरावी तशी, आणि बघता बघता शर्टाच्या आत ओल पसरली. बाळाला पाजायची वेळ झालेली नव्हती. शेजारच्या खोलीत कुणाचं मूल रडत नव्हतं. या इमारतीत मुलं येतच नाहीत. हे दूध मोठं लबाड असतं, नुसत्या आठवणीनेही येतं, हे एव्हाना तिला माहीत झालं होतं. पण आता ती बाळाची आठवणसुद्धा काढत नव्हती. समोर होता तो फक्त एक माथा, संगणकाच्या पडदाभर पसरलेला, उजेडात न्हाऊन निघालेला. तिने पर्समधला रुमाल काढून आत खुपसला, खुर्ची पुढे ओढली, आणि मग तिला त्या माथ्याच्या कडेला, उजव्या कानाच्या जरा वर, कोंबडीच्या पावलासारखा तीन बोटांचा पांढरा वण दिसला.

या खोलीत माणूस म्हणजे माथा. चेहरे इथपर्यंत येत नाहीत, नावं येत नाहीत; येतो एक क्रमांक आणि वरून, जरा मागच्या बाजूने घेतलेला फोटो. संशोधन होतं एका तेलाचं. माका, जास्वंद आणि रोझमेरी यांचा अर्क उतरवलेलं तेल निम्म्या लोकांना लावायला दिलेलं, आणि निम्म्यांना साधंच तेल, पण रंगाने आणि वासाने हुबेहूब तसं. कुणाला कुठलं गेलं ते लावणाऱ्याला ठाऊक नाही, देणाऱ्याला नाही, मोजणाऱ्याला तर नाहीच नाही. शहरातल्या वेगवेगळ्या दवाखान्यांत ही माणसं ठरल्या वारी येत, तिथे त्यांच्या टाळूवरचे नाण्याएवढ्या जागेतले केस बारीक कापून मधोमध गोंदणाचा एक निळा ठिपका टोचलेला असे. त्या ठिपक्याभोवती संगणक वर्तुळ आखी, आणि त्या वर्तुळातले केस ती मोजी. एकदा ती, एकदा तिच्या शेजारी बसणारे मास्तर. मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. त्यांचं स्वतःचं डोकं आरशासारखं होतं आणि त्यावरचे विनोद ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती : वर्तुळाबाहेर पाहायचं नाही. बाहेर काय असेल ते असो, कोंडा असो, डाग असो, पिकलेले असोत, आपला संबंध नाही. पाहिलं की मत तयार होतं, मत तयार झालं की आकडा हलतो. आणि तिलाही ते पटलं होतं, आवडलंही होतं. बाळंतपणानंतर सगळ्या जगाने तिच्याकडून सगळंच मागायला सुरुवात केलेली असताना, दिवसातले काही तास फक्त नाण्याएवढ्या जागेची जबाबदारी असणं यात एक विसावा होता.

आज संगणकाला तो निळा ठिपका सापडला नाही. असं क्वचित होतं. मग अख्खा फोटो उघडून ठिपका आपण शोधून द्यावा लागतो. तो शोधायला म्हणून ती वर्तुळाबाहेर आली आणि तिथे तो वण होता.

वण कुणालाही असू शकतो. खिडकीची झडप कुणालाही लागू शकते. तिने स्वतःला असं समजावलं खरं, पण समजावता समजावताच ती लोखंडी दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर पालथी पडलेली होती, हनुवटी कठड्याला लावून, आणि खाली आई भिंतीला टेकून शिवण उसवत बसलेली होती. लहानपणीची आई तिला नेहमी वरूनच आठवते. चेहरा आठवायला प्रयास पडतात, पण तो भांग, सरळ निघून शेवटी किंचित डावीकडे वळणारा, आणि भोवऱ्याजवळ हट्टाने उभी राहणारी बट, आणि उजवीकडचं ते कोंबडीचं पाऊल, हे सगळं तिला डोळे मिटून काढता आलं असतं. फरशी पुसून उठताना उघड्या झडपेचा कोपरा लागला होता. रक्त मानेवरून ओघळत असताना आई म्हणाली होती, आधी झडप लाव, नाहीतर पुन्हा कुणाला तरी लागेल. पडद्यावरच्या माथ्याचा भांग शेवटी डावीकडे वळत होता. फक्त तो भांग आता भांग राहिला नव्हता, वाट सोडून पाणी पसरावं तसा रुंद झाला होता. शरीराला हे सगळं तिच्याआधी दिसलं असणार. पण आईला पाहून पान्हा फुटतो, ही कुठली उलटी रीत?

"अडलीस का गं?" मास्तरांनी मान न वळवता विचारलं.

"ठिपका सापडत नाहीये."

"सापडेल. गोंदण पळून जात नाही. माणूस पळून जातो."

ठिपका तिला केव्हाच सापडला होता. ती आता वण आणि भांग यांच्या मधली जागा पाहत होती. तिथे, भांगाच्या एका कडेला, त्वचा गुळगुळीत होती, चकाकत होती, केसांची छिद्रंच नव्हती तिथे. आणि त्या गुळगुळीत तुकड्याच्या काठाने जे केस उरले होते त्यांच्या प्रत्येकाच्या बुंध्याशी तांबूस कडं होतं आणि पापुद्रा. ही नेहमीची गळती नव्हे, हे कळायला ती डॉक्टर असण्याची गरज नव्हती. हे संशोधन चालवणाऱ्या मॅडमच्या वर्गात तिने हे चित्र पाहिलेलं होतं. नेहमीच्या गळतीत मूळ झोपतं, कधी तरी उठतं. यात त्वचा आतून सुजते आणि मूळच बुजून जातं, वण होऊन बसतो, आणि एकदा बुजलं की माका नाही नि जास्वंद नाही, कुणीच तिथे काही उगवू शकत नाही. लवकर औषध मिळालं तर जे उरलंय ते वाचतं. असं डोकं या अभ्यासात घ्यायचंच नसतं. पण घेताना सगळ्यांनी टाळूवरची जागा पाहिली असणार, नीट उजेडात, भिंग लावून, कारण मोजणी तिथे होणार होती. आणि खाज येते का, आग होते का, असं विचारलं असणार. आई काय म्हणाली असेल तेही तिला ऐकू आलं. छे हो, खाज कसली. चष्म्याच्या दुकानात सगळी हयात काढलेली बाई. परक्यांच्या कानामागे दांड्या बसवताना ती अगदी याच स्वरात विचारायची, टोचत नाही ना, आणि लोक टोचत असलं तरी नाही म्हणायचे.

तिने तो फोटो न मोजता मिटला आणि पुढचा घेतला. पुढचा मोजला. त्याच्या पुढचा मोजला. नियम सरळ होता : डोकं ओळखीचं निघालं तर सांगून मोकळं व्हायचं, आणि नात्यातलं असेल तर ते डोकं अभ्यासातून बाहेर. बाहेर म्हणजे तेल बंद. बाहेर म्हणजे दवाखान्यातून फोन, आणि मग आईला कळणार की मुलीने पाहिलं, मुलीने ओळखलं, मुलीने काढायला लावलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? आणि नाही सांगितलं तर तो तांबूस काठ सरकत जाणार, दर दिवशी जराजरासा, आणि तिला पुढच्या फोटोत तो सरकलेला दिसणार. एक तिसरी वाटही होती. आजच घरी जाऊन आईलाच म्हणायचं, आई, डोकं दाखव. तीन शब्द. पण गेली कित्येक वर्षं तिने आईचं डोकं उघडं पाहिलेलं नव्हतं, आणि हे तिच्या आत्ता, या खुर्चीत बसून लक्षात येत होतं. कधीपासून आई न्हाऊन बाहेर यायची ती पंचा गुंडाळूनच, आणि मग एकदम अंबाडा घातलेलाच दिसायचा, गोल, गच्च, वयाच्या मानाने फारच भरगच्च. आत गंगावन असणार. आणि हल्ली डोक्याला रुमाल. वारा लागतो म्हणे. घरात राहणाऱ्या माणसाकडे आपण किती कमी पाहतो. जेवढं कामाचं तेवढंच, वर्तुळातलं.

घरी पोचली तेव्हा आई बाळाला मांडीवर पालथं घालून त्याच्या डोक्याचा मागचा भाग पाहत होती. पाळण्यात मान घासून घासून तिथले केस गेले होते, पट्टाच पडला होता.

"या, या, केसांच्या डॉक्टरीणबाई. आमच्या टकलूचं काही तरी बघा. जगाची डोकी बघता, घरचं कोण बघणार?"

"मी डॉक्टर नाहीये आई."

"नाही तर नाही. मोजून तरी ठेव." आईने बाळाला उचलून तिच्या हातात दिलं. रुमालाची गाठ मानेवर घट्ट होती. "आज छान झाला बघ व्यायाम. गुडघा अगदी फुलासारखा झालाय."

गुडघ्याचा व्यायाम. ठरल्या वारी शेजारीण येऊन बाळाला बघायची आणि आई नीटनेटकी साडी नेसून, पिशवी घेऊन बाहेर पडायची, आणि परत यायची ती जराशी टवटवीत होऊन, जिना चढताना काही तरी गुणगुणत. ती आणि नवरा दोघंही खूश होते, की चला, आई स्वतःसाठी काही तरी करतेय. नवरा तर म्हणायचा, तुझ्या आईच्या गुडघ्याचा तोरा काही औरच. आता बाळाला छातीशी धरून ती आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आईला बरं वाटत होतं, हे नाटक नव्हतं. ती रोज कुठे तरी, न्हाणीघरात कडी लावून, ते तेल बोटाच्या पेराने भांगावर जिरवत असणार, आणि तिथे तिला काही तरी कोवळं हाताला लागल्यासारखं वाटत असणार. माणसाला स्वतःचा माथा कधी दिसत नाही. आरसा समोरचं दाखवतो. माथा दिसतो तो लहानपणी वरच्या पलंगावरून पाहणाऱ्या मुलाला, न्हाव्याला, आणि आता तिला. तेलाचा वास घरात इतके दिवस होता आणि तिला तो कळला नव्हता, कारण तिच्या इमारतीतच ते तेल बाटल्यांत भरलं जाई आणि तोच वास कामावरून तिच्या कपड्यांना लागून येत होता. ती समजत होती, आपणच आणतो.

बाळ पिता पिता तिचे केस मुठीत धरून ओढत होतं. मूठ उघडली की दोनचार हमखास हातात असायचे. मागे तिची स्वतःची गळती सुरू झाली, सगळ्या बाळंतिणींची होते तशीच, आपोआप थांबणारी, आणि हे सगळं पाठ असूनही एका सकाळी जाळीवरचा पुंजका पाहून ती न्हाणीघरात मटकन बसली होती आणि हमसून रडली होती. दाराबाहेरून आई म्हणत होती, अगं येतील, सगळे येतील, माझे नव्हते का आले तुझ्या वेळी. तेव्हा आईच्या डोक्यावर रुमाल होता का? तिने आठवून पाहिलं. दाराबाहेरचा आवाज तेवढा आठवला.

"काय बघतेस अशी?" आई म्हणाली.

"काही नाही. दमलेय."

"मग नीज जरा. मी आहे."

मी आहे, हे शब्द तिला रात्रभर पुरायला हवे होते. पण सकाळी उठली ती एक गोष्ट ठरवूनच. दुसरी कुणी बाई असती तर आपण काय केलं असतं? तेच करायचं. कमी नाही, जास्त नाही. मॅडमच्या खोलीत जाऊन तिने फोटो उघडला, अख्खा, आणि म्हणाली, "हे डोकं मी मोजू शकत नाही."

मॅडम त्वचेच्या डॉक्टर, कमी बोलणाऱ्या. बोलण्याआधी चष्मा कपाळावर चढवण्याची त्यांना सवय होती. "का?"

"ओळखीचं आहे. आणि हे इथे, बाहेर, बघा."

मॅडमनी पाहिलं. मग मास्तरांना बोलावलं. मास्तर वाकले, त्यांचं चकाकतं डोकं पडद्यावरच्या माथ्याच्या शेजारी आलं, आणि त्यांच्या नेहमीच्या विनोदातला एकही त्यांना सुचला नाही. "मागचे सगळे मी पण मोजलेत," ते हळूच म्हणाले. "वर्तुळातले."

"आपण सगळ्यांनीच," मॅडम म्हणाल्या. आणि मग तिच्याकडे वळून, "कोण आहेत या तुझ्या?"

"आई."

मॅडमनी चष्मा खाली ओढला. "तू सांगतेस घरी, की इथून फोन करू?"

हा प्रश्न तिच्या मनात नव्हता असं नाही. रात्रभर तोच होता. "तुम्ही करा," ती म्हणाली. "माझं नाव न घेता. तिला नसेल सांगायचं मला, तर नको सांगू दे." हे प्रेम होतं की भित्रेपणा, हे तिला तेव्हाही ठरवता आलं नाही, नंतरही नाही. आईचं गुपित आईकडेच राहावं असं तिला वाटत होतं खरं. पण त्याखाली आणखी एक होतं, की त्या गुळगुळीत तुकड्याची बातमी आईला आपल्या तोंडून लागू नये. परक्या तोंडाने सांगितलेलं माणूस निदान विसरू शकतो.

फोन आला तेव्हा ती घरीच होती, सुट्टी होती, नवरा बाळाला फिरवायला घेऊन गेला होता. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि आई स्वयंपाकघरातून बोलत होती. "हो, मीच बोलतेय... आज? आज नाही जमणार हो, मुलगी घरी आहे." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. ऐकणाऱ्या माणसाचाही एक आवाज असतो. भांडं जागचं उचलून तिथेच परत ठेवल्याचा, नळ घट्ट पिळल्याचा. मग अगदी हळू, "बरं. येते." बाहेर येऊन आईने पिशवी घेतली आणि रुमाल सारखा केला. "व्यायामवाल्या बाईंनी बोलावलंय. आजच या म्हणाल्या."

"मी येऊ सोबत?"

"गुडघ्याला सोबत लागत नाही," आई म्हणाली, आणि जिना उतरली. ती खिडकीत उभी राहून पाहत होती. वरून. रुमालाने बांधलेलं डोकं रस्ता ओलांडून गेलं, एकदा थांबलं, पाठीमागे वळून पाहावं की नाही असं, आणि गेलं.

त्या दिवशी घड्या घातलेले कपडे तिने उसकटून परत घड्या घातले. आई आता तिथे पोचली असेल. मॅडम स्वतः जाणार होत्या त्या दवाखान्यात. त्वचेचा कणभर तुकडा काढतात, सुन्न करून, एक टाका पडतो. ती सुई तिने अनेकदा पाहिली होती आणि कधी तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. आई लहानसहान दुखण्याला ओय म्हणत नाही, तिचं ते ऐकायला कुणी नसतं तेव्हा ती काय म्हणत असेल, हे पहिल्यांदाच तिच्या मनात आलं. आणि मॅडम सांगत असतील. तेल बंद करा. आई मान हलवत असेल, गिऱ्हाईकाची तक्रार ऐकताना हलवायची तशी.

संध्याकाळ उतरता उतरता आई आली. पिशवी खुंटीला लावली, हातपाय धुतले, बाळ अजून आलं नाही का विचारलं. मग भिंतीशी, खाली, फरशीवरच बसली, पाय लांब करून. ती खुर्चीत होती. दोघींच्या मध्ये घड्यांचा ढीग होता. रुमालाखाली एका बाजूला पट्टीचा उंचवटा दिसत होता, आणि ती तिकडे पाहायचं नाही म्हणून घड्यांकडे पाहत होती.

"तुझ्या मॅडमचा हात हलका आहे," आई म्हणाली.

तिच्या हातातलं बाळाचं झबलं तसंच राहिलं.

"त्या काही बोलल्या नाहीत हो, नावावरून मीच ओळखलं. शहाणी बाई आहे. पण टाका घालताना दोनदा विचारलं, दुखत नाही ना. रोज कोण विचारतं असं एवढ्या मायेने?" आईने गुडघा चोळला, सवयीने. "कधी कळलं तुला?"

"फोटो आला तेव्हा."

"तो तुझ्याकडे जातो?"

"माझ्याकडेच येतात सगळे."

"आणि मी समजत होते मशीन मोजतं." आई थोडं हसली. "आधी कळतं तर जरा विंचरून तरी गेले असते."

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"तुझे गळत होते. रडत होतीस त्या न्हाणीघरात. म्हटलं, हिच्या डोक्याला आणखी एक डोकं कशाला. आणि तेल तुमचंच होतं ना. म्हणजे एका परीने तूच लावत होतीस." थांबून तिने विचारलं, "चांगलं तेल कुणाला दिलं होतं? मला होतं का?"

"मला नाही माहीत. कुणालाच नसतं माहीत."

"खरंच?"

"खरंच."

"वास तर फार छान होता."

"वास दोन्हींना तोच आहे, आई."

आईने यावर जरा विचार केला. "चतुर आहात," ती म्हणाली. मग हात मागे नेऊन तिने रुमालाची गाठ सोडली. केसांतले आकडे काढून एकेक पदरात ठेवले. गंगावन सोडून बाजूला ठेवलं, मांजर झोपावं तसं ते फरशीवर पडून राहिलं. आणि ती खुर्चीकडे पाठ करून सरकली, मुलीच्या पायांशी. "मी पाहिलेलं नाही," ती समोरच्या भिंतीला म्हणाली. "कुणी दाखवलं नाही, मी मागितलंही नाही. त्या बाईंनी सांगितलं ते डॉक्टरी भाषेत. तू सांग कसं आहे."

ज्या माथ्यांशी तिचा दिवस जातो ते सपाट असतात. हा उंचसखल होता, गरम होता, श्वासाबरोबर किंचित हलत होता. तेलाचा आणि टिंक्चरचा वास येत होता. बोट कुठे ठेवावं ते तिला कळेना. मग तिने भांगाच्या सुरुवातीपासून, कपाळाकडून, हलकेच चालवायला सुरुवात केली, आणि जे हाताला लागेल ते सांगत गेली. इथे विरळ आहेत पण ठीक आहेत. इथे ते कापलेलं गोल आहे. इथे टाका आहे, त्याला हात नाही लावत. आणि इथे, उजवीकडे, गुळगुळीत झालंय. तिचं बोट तिथे थांबलं. ती जागा तुळतुळीत, गार वाटत होती. की तिचं बोटच गार पडलं होतं. खोटं बोलायला हीच जागा होती. येतील, सगळे येतील, असं म्हणता आलं असतं, दाराबाहेरून म्हणता येतं तसं.

"इथले परत येणार नाहीत, आई."

आईने पदरातले आकडे मुठीत गोळा केले.

"पण काठाने आहेत ते आहेत. लाल झालंय तिथे, म्हणजे अजून झगडतायत. गोळ्या घेतल्यास, मलम लावलंस, तर ते राहतील. त्याच्या पलीकडे सगळं नीट आहे. मी बघत जाईन."

खालच्या रस्त्यावर कुणी तरी कुणाला तरी हाक मारत होतं. आईच्या खांद्यांत एक लहानशी हालचाल झाली आणि थांबली. मग तिने मान हळूहळू मागे टाकली, मुलीच्या गुडघ्यांवर टेकवली, आणि तिचा चेहरा वरून, उलटा, अगदी जवळ दिसायला लागला. कपाळ खाली, हनुवटी वर, डोळे मिटलेले, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने कानांकडे निघालेली ओल. अशा बाजूने पाहिला तर तो कुणा फार लहान माणसाचा चेहरा वाटत होता.

"आता परत सांग," आई म्हणाली. "पहिल्यापासून. मघाशी मी ऐकलंच नाही."

तिने सांगितलं. कपाळापासून, त्याच शब्दांत, मधलं काही न गाळता.